थांबलेल्या वाहनाचा दिवा

मुंबईहून अहमदाबादेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग चारोटीपाशी सूर्या नदी ओलांडतो, तेथल्या नाक्यावर एका अंगाला डहाणूची व दुसऱ्या अंगाला कासा-जव्हारची वाट सोडतो, आणि महालक्ष्मीच्या डोंगराजवळून दापचरी, तलासरी अशी ठिकाणे घेत अच्छाडला गुजरातच्या हद्दीस भिडतो. या मार्गावर रात्री खरा अंधार असा फारसा नसतोच. तेथे असतो तो प्रकाशाचा कल्लोळ. समोरून येणाऱ्या ट्रेलरांचे डोळे दिपवणारे झोत, ढाब्यांवरच्या रंगीत माळा, कामे चालू असतील तेथे अडथळ्यांवर मिणमिणणारे दिवे आणि पावसाळ्यात या सर्वांचे ओल्या डांबरावर पडलेले लांबच लांब प्रतिबिंब, इतक्या तेजात एखादी बंद पडलेली जीप हरवून जाणे मुळीच अवघड नाही. याच महामार्गावरून थोडे पूर्वेकडे, गंभीरगडाच्या किंवा सायवन-उधव्याच्या अंगाला वळावे, तर पाड्यांच्या वाटांवर असा निखळ काळोख भेटतो की दूरच्या घरातील एकुलता एक बल्बही डोळ्यांस ठळक दिसतो. एकच वाहन एका रात्रीत या दोन्ही अंधारांतून जाते, आणि त्याला लावायचा इशाऱ्याचा दिवा दोन्हींकडे उपयोगी पडला पाहिजे. या प्रकरणाचा विषय तेवढाच आहे.

डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत कच्च्या वाटांवर चालणारे स्वतःचे वाहन बाळगणे ही सर्वस्वी चैनीची बाब नव्हे. घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्या, पावसाळ्यानंतर गवत कापून त्याच्या गठड्या बांधण्याचा या भागातील जुना व्यवसाय, डोंगरपायथ्याच्या आश्रमशाळा, धरणे व कालवे यांची कामे, अशा नाना कारणांनी बागायतदार, कंत्राटदार, डॉक्टर आणि शिक्षक यांच्या दारी जीप, बोलेरो, जुनी जिप्सी किंवा अलीकडची थार उभी दिसते. शिवाय सुट्टीच्या दिवशी मुंबई-ठाण्याहून गडवाटा व ओढे धुंडाळण्यास येणारी तरुण मंडळी आहेतच. या सर्वांना दुकानदार जे दिवे दाखवतो, त्यांत टपावर बसवायच्या लाल-निळ्या पट्ट्यांना अग्रस्थान असते. त्या झगमगतात, किमतीने फार नसतात, आणि बसवणाऱ्यास एक अधिकाराचा भास देतात. या पट्ट्या विकत घेऊ नयेत, असे मी प्रारंभीच स्पष्टपणे सांगतो. कारणे दोन आहेत, त्यांपैकी एक कायद्याचे आहे आणि दुसरे मानवी डोळ्याचे.

कायद्याचे कारण आधी पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १०८ वा नियम मुळात अगदी साधा आहे: वाहनाच्या पुढच्या बाजूस लाल दिवा दिसता कामा नये आणि मागच्या बाजूस लालखेरीज अन्य रंगाचा दिवा दिसता कामा नये. या सर्वसाधारण मनाईला जे अपवाद जोडले गेले, त्यांत वळण्याची सूचना देणारा पिवळसर नारिंगी दिवा, मागे घेताना लागणारा पांढरा दिवा, क्रमांकपट्टीवरचा उजेड, रुग्णवाहिकेचा जांभळ्या काचेतील लुकलुकता दिवा अशा प्रयोजनानुसार दिलेल्या सवलती होत्या. पण त्यांच्याच जोडीला उच्चपदस्थांच्या मोटारींवरील लाल दिवाही होता, आणि काळाच्या ओघात हा शेवटचा अपवाद इतका फोफावला की मूळ नियमाचा लोकांना विसर पडला. १० डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अभय सिंह विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या प्रकरणात लाल दिव्याचा हक्क फार थोड्या पदांपुरता मर्यादित करण्याचा निर्णय दिला. एप्रिल २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तोही उरलासुरला मान काढून घेण्याचे ठरवले, आणि १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या व न्यायाधीशांच्या गाड्यांवरूनही लाल दिवे उतरले. आज लाल, निळा व पांढरा असा बहुरंगी दिवा लावण्याची मुभा आहे ती अग्निशमन, कायदा व सुव्यवस्थेसाठी नेमलेली पोलीस किंवा सैनिकी दले, आणि भूकंप, पूर, वादळ यांसारख्या आपत्तींच्या निवारणासाठी नेमून दिलेली वाहने यांना, आणि तीही कर्तव्यावर असताना.

यातला भूकंपाचा उल्लेख डहाणू-तलासरीकरांना पुस्तकी वाटणार नाही. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी व तिच्या परिसरात धक्क्यांची जी मालिका सुरू झाली, तिने महिनोन्महिने लोकांची झोप उडवली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी रिश्टर मापनावर चाराहून अधिक तीव्रतेचा धक्का बसला, भिंतींना तडे गेले आणि ऐन थंडीत कुटुंबेच्या कुटुंबे घराबाहेर तंबूत निजू लागली. अशा वेळी ज्याच्याजवळ दणकट वाहन आहे तो माणूस ताडपत्र्या, धान्य, पाणी घेऊन निघतो, आणि तसे निघावे हेच योग्य. पण म्हणून त्याचे वाहन ‘नेमून दिलेले’ ठरत नाही. रस्त्यावरचे लोक लाल-निळा दिवा पाहून बाजूला होतात ते त्या रंगावरील विश्वासापोटी, आणि हा विश्वास खाजगी वापराने झिजला, तर त्याची किंमत उद्या खऱ्या रुग्णवाहिकेतील रुग्ण मोजतो. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करण्यास मनाई करते, ही तरतूदही टपावर कायमची पट्टी ठोकण्यापूर्वी ध्यानात ठेवावी.

नारिंगी दिव्याविषयी मात्र पुष्कळांचा गैरसमज आहे. तो कोणीही, कोठेही, केव्हाही टपावर फिरवावा असा त्यांचा समज दिसतो. प्रत्यक्षात नियमाने टपावरच्या नारिंगी दिव्यास जी मोकळीक दिली, ती विमानतळ, बंदर अशा आवारांच्या आत फिरणाऱ्या आणि सार्वजनिक रस्त्यावर न येणाऱ्या वाहनांपुरती आहे. तेव्हा खाजगी जीपच्या मालकाने असा दिवा टपावर लावून महामार्गावरून धावू नये हे उघड आहे. त्याच्याजवळ निर्विवाद हक्काची साधने तीन आहेत: वाहनातच असलेले चारही कोपऱ्यांचे लुकलुकणारे दिवे, परावर्तक त्रिकोण, आणि वाहन उभे राहिल्यावर हाताने उचलून रस्त्याच्या कडेला ठेवता येईल असा सुटा नारिंगी दिवा. हा तिसरा दिवा वाहनावर बसवलेला नसतो, म्हणूनच माझ्या मते खरा निवडण्याजोगा दिवा तोच आहे. पुढचे सर्व विवेचन मुख्यतः त्याला अनुलक्षून आहे.

इशाऱ्याचे दिवे माणसाचा हुद्दा सांगण्यासाठी नसून वाहनाची अवस्था सांगण्यासाठी असतात, हे तत्त्व या किनाऱ्यावरील दोन जुन्या व्यवसायांनी फार पूर्वीच पत्करलेले आहे. डहाणूच्या व झाईच्या मच्छीमार बोटी ज्या समुद्रात जातात, तेथे १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्करप्रतिबंधक नियमांचा अंमल आहे. जाळे ओढत नेणाऱ्या बोटीने हिरव्याखाली पांढरा दिवा दाखवायचा आणि अन्य रीतीने मासेमारी करणाऱ्या बोटीने लालखाली पांढरा. पाहणाऱ्यास त्यातून एवढेच कळते की या बोटीच्या मागे जाळे आहे, तिला झटकन वळता येणार नाही. बोट सावकाराची की गरिबाची, हे त्या दिव्यांतून कळत नाही आणि कळण्याचे कारणही नाही.

दुसरा व्यवसाय रेल्वेचा. डहाणू रोडवरून जाणाऱ्या पश्चिम रेल्वेच्या इंजिनांवर एक नारिंगी लुकलुकता दिवा असतो. गाडीला अपघात झाला, डबे घसरले किंवा गाडी मध्येच तुटली आणि शेजारचा रूळ अडला असण्याची शंका आली, की चालक तो सुरू करतो, आणि समोरून येणाऱ्या गाडीच्या चालकाने तो पाहताच आपली गाडी थांबवायची असते. परंतु रेल्वेचे शहाणपण या दिव्यावरच थांबत नाही. ब्रॉडगेज मार्गावर अडथळ्याचे रक्षण करताना कर्मचाऱ्याने चालत जाऊन ६०० मीटरवर एक आणि निदान १२०० मीटरवर, दहा-दहा मीटरांच्या अंतराने, तीन स्फोटक इशारे रुळावर ठेवायचे, असा दंडक आहे. त्यांवरून चाक जाताच जो आवाज होतो तो चालकास अडथळा दिसण्यापूर्वीच सावध करतो. इशारा अडथळ्यापाशी देऊन भागत नाही, तो येणाऱ्याच्या वाटेवर, त्याला थांबण्याइतका अवकाश राहील अशा ठिकाणी न्यावा लागतो, ही गोष्ट रेल्वेने नियमात गोवली. रस्त्यावरच्या वाहनचालकाने मात्र सर्व भरवसा गाडीवरच्या दिव्यावर टाकला.

हा अवकाश किती लागतो, याचे गणित कठीण नाही. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. अडथळा ओळखून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यातच सुमारे ३७ मीटर अंतर कापले जाते. पुढे ओल्या रस्त्यावर मोटार बेताच्या जोराने थांबवायची म्हटली तर आणखी ७८ मीटर लागतात. बेरीज ११५ मीटरांच्या घरात जाते, आणि ती सावध चालकाच्या मोटारीची. माल भरलेल्या ट्रेलरला आणि पहाटे तीनच्या सुमारास पेंगुळलेल्या चालकाला याहून पुष्कळ अधिक द्यावे लागेल. गाडीच्या मागे चार पावलांवर मांडलेला त्रिकोण, जो आपल्याकडे सर्रास दिसतो, तो या हिशेबात जवळजवळ शून्य ठरतो.

आता डोळ्याचे कारण. चेक शरीरशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असे नोंदवले की दिवसा तेजस्वी दिसणारी तांबडी फुले संधिप्रकाशात काळवंडतात आणि निळी-हिरवी पाने त्यांच्या मानाने उजळ भासतात. याचे कारण आज आपल्याला ठाऊक आहे: दृष्टिपटलावर भरपूर उजेडात काम करणाऱ्या शंकूंची संवेदना ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास कमाल असते, तर अंधारात काम करणाऱ्या दंडपेशींची ५०७ च्या आसपास, शिवाय दंडपेशी तांबड्या प्रकाशाला जवळजवळ आंधळ्याच असतात. म्हणून रात्री निळा दिवा त्याच्या खऱ्या शक्तीपेक्षा जास्त झगझगीत वाटतो, डोळे दिपवतो, आणि त्याच्या शेजारी रस्त्यावर उभा असलेला माणूस, टायर बदलणारा चालक किंवा रस्ता ओलांडणारी बाई, दृष्टीआड होते. नारिंगी रंगाची तरंगलांबी साधारण ५९० नॅनोमीटर. शंकूंना तो दिवसाही नीट दिसतो, आणि रात्री डोळ्यांची अंधाराला झालेली सवय तो निळ्या-पांढऱ्याइतकी मोडत नाही. धुक्यात पिवळा रंग अधिक दूरवर शिरतो, असे जे सांगितले जाते त्यावर मात्र फार विसंबू नये. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगांपेक्षा इतके मोठे असतात की सगळे रंग ते जवळपास सारखेच विखरून टाकतात. नारिंगीचे श्रेय ते नव्हे. त्याचे श्रेय असे की तो दिसतो, दिपवत नाही, आणि ‘वाट सोडा’ असे न म्हणता ‘जपून या’ असे म्हणतो.

रंगाइतकीच महत्त्वाची बाब म्हणजे लुकलुकण्याची लय, आणि दुकानात नेमकी हीच कोणी विचारत नाही. १९११-१२ च्या सुमारास फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लोंदेल आणि रे यांनी दीपगृहांच्या अभ्यासातून दाखवले की क्षणिक झोत डोळ्याला तेवढ्याच शक्तीच्या स्थिर दिव्यापेक्षा मंद वाटतो. त्यांच्या सूत्राप्रमाणे झोत जितके सेकंद टिकतो त्या संख्येला, तीत ०.२ मिळवून येणाऱ्या संख्येने भागावे. जो अपूर्णांक येईल तितक्या पट तेज डोळ्याला जाणवते. अर्धा सेकंद टिकणाऱ्या झोताचे पाच-सप्तमांश तेज डोळ्याच्या पदरी पडते. दशांश सेकंदाच्या झोताचे एक-तृतीयांश. आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागात विझणाऱ्या झोताचा केवळ अकरावा हिस्सा. खोक्यावर छापलेले हजारोंचे आकडे बहुधा झोताच्या शिखराचे असतात, आणि जितका दिवा चंचल तितके ते आकडे फसवे. मोटारीच्या वळणदर्शक दिव्यांना मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकण्याची मर्यादा घातलेली आहे ती उगीच नव्हे. त्या लयीत दिवा पेटलेला असतानाचा काळही पुरेसा मिळतो, आणि अंतराचा अंदाज करण्यास डोळ्याला उसंतही मिळते. सेकंदात आठ-दहा वेळा थरथरणारा दिवा लक्ष वेधतो खरा, पण तो किती दूर आहे आणि हलतो आहे की स्थिर आहे, हे ठरवणे कठीण होते. आणि ज्यांना प्रकाशाच्या थरथराटाने अपस्माराचा झटका येऊ शकतो, अशांच्या दृष्टीने ती लय अपायकारक असते. अनेक नमुने दाखवणाऱ्या दिव्यात एखादा तरी सावकाश, एकटा, ठळक ठोका असलेला नमुना आहे की नाही, हे पाहावे. नसेल तर तो दिवा परत ठेवावा.

दिवा हाती घेऊन जवळून तपासावा. काचेच्या जागी पॉलिकार्बोनेट असेल तर ते उन्हाने पिवळे पडणार नाही अशी हमी मागावी, कारण डहाणूच्या उन्हात दोन उन्हाळ्यांत साध्या प्लास्टिकचे दूध होते. झाकणाच्या खोबणीत रबराची गोल वादी सलग बसलेली आहे की सांधलेली आहे, तार जेथून आत शिरते तेथे दाबून धरणारी रबरी गाठ आहे की केवळ गोंद ओतलेला आहे, स्क्रू चुंबकाला चिकटतात की नाही, हे सगळे तेथल्या तेथे कळते. खोक्यावरच्या आयपी ६७ या खुणेचा अर्थ असा की दिव्यात धूळ शिरत नाही आणि तो एक मीटर पाण्याखाली अर्धा तास टिकतो. वरोळीच्या किंवा सूर्येच्या एखाद्या फरशीवरून पावसाळ्यात जाणाऱ्याने याहून कमी मान्य करू नये. किनाऱ्यावर मात्र पाण्यापेक्षा मीठ अधिक घातक. बोर्डीच्या सुरूच्या बनाजवळ वर्षभर उभ्या राहणाऱ्या जीपच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीत पोलादी बोल्ट घातला, की खारट दमटपणात दोन धातूंमध्ये सूक्ष्म विद्युतप्रवाह सुरू होतो आणि ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीत झिजत जाते. मध्ये नायलॉनची चकती आणि वर थोडे ग्रीस, एवढ्या साध्या तजविजीने ते टळते. लोहचुंबकाने चिकटणारा तळ सोयीचा खरा, पण कापडी हूडच्या जीपवर आणि फायबरच्या टपावर तो निरुपयोगी आहे. सुट्या दिव्याला म्हणून जड, रुंद, रबरी तळ असावा. शेजारून ट्रेलर गेला तर त्याच्या वाऱ्याने तो कलंडता कामा नये.

विजेचा हिशेब थोडक्यात आटोपतो. जुन्या पद्धतीच्या फिरत्या दिव्यात ५५ वॉटचा हॅलोजन बल्ब असे. बारा व्होल्टच्या बॅटरीवर तो साडेचार अँपिअरहून अधिक प्रवाह ओढतो, आणि ६० अँपिअर-तासांच्या बॅटरीतील निम्मी शक्ती इंजिन चालू करण्यासाठी राखायची म्हटली, तर साडेसहा तासांत तो थांबवावा लागतो. गाडीचे चारही कोपऱ्यांचे जुने २१ वॉटचे बल्बही अर्धा वेळ पेटून साडेतीन अँपिअर घेतात. बारा वॉटचा एलईडी दिवा त्याच बॅटरीवर तीस तास चालेल. हा फरक आडरानात बंद पडलेल्या माणसाला फार मोठा वाटतो, कारण तेथे मदत सकाळशिवाय येत नाही. गाडीवरून वीज घ्यायची असेल तर स्वतंत्र फ्यूज घालून बॅटरीवरून घ्यावी. वळणदर्शक दिव्यांच्या तारेला फाटा मारून घेतल्यास त्या दिव्यांची लय बिघडते आणि क्वचित तार तापून जळते. स्वतःची बॅटरी असलेला सुटा दिवा या भानगडीतून मुक्त असतो, मात्र तो दर महिन्याला चार्ज केला पाहिजे.

चार कोपऱ्यांच्या दिव्यांचा एक दुरुपयोग या महामार्गावर इतका रुळला आहे की त्याविषयी बोलणे भाग आहे. चारोटीच्या नाक्यावर सरळ जायचे असेल तर ते चारही दिवे लावायचे, आणि मुसळधार पाऊस लागला की धावत्या गाडीतही तेच लावायचे, असा दस्तूर पडला आहे. बाजूने येणाऱ्यास, दोन गाड्यांच्या फटीतून, त्यांतला एकच कोपरा दिसतो आणि गाडी डहाणूकडे वळते आहे असा त्याचा समज होतो. मागून येणाऱ्यास ती थांबलेली आहे की धावते आहे हे कळेनासे होते. हे दिवे थांबलेल्या वाहनाचे आहेत. पावसात धावताना मागे दिसावे यासाठी स्थिर, तांबडा, प्रखर मागचा धुकेदिवा असतो, आणि कच्च्या वाटेवर एप्रिल-मेच्या धुळीत दोन-तीन गाड्या एकामागोमाग जात असतील तेव्हाही त्याचाच उपयोग होतो. ज्या गाडीला तो कारखान्यातून आलेला नाही, तिच्या मालकाने लाल-निळ्या पट्टीवरचा खर्च वाचवून तो बसवून घ्यावा, असा माझा आग्रह आहे.

परावर्तक त्रिकोणाची योग्यता सुट्या दिव्याने कमी होत नाही. त्याला वीज लागत नाही, तो बिघडत नाही. त्याची उणीव एवढीच की ज्याच्या गाडीचा झोत त्याच्यावर पडेल त्यालाच तो दिसतो. सरळ रस्त्यावर हे चालते. मेंढवणच्या खिंडीसारख्या वळणावर किंवा पुलाच्या चढावर मात्र झोत वळणाच्या बाहेर जातो आणि त्रिकोण अंधारात राहतो. तेथे लुकलुकता दिवा उपयोगी पडतो, कारण तो स्वतः प्रकाशतो आणि वळणाआडूनही त्याची उजळण झाडांवर, कठड्यावर दिसते. म्हणून दोन्ही जवळ असावीत. महामार्गावर गाडी बंद पडली तर प्रथम ती शक्य तितकी डावीकडे, डांबराबाहेर काढावी, सर्वांना उजवीकडच्या नव्हे तर डावीकडच्या दारांनी उतरवून कठड्यापलीकडे उभे करावे, आणि मग एकाने दिवा व त्रिकोण अंगासमोर धरून, वाहनांकडे तोंड करून, रस्त्याच्या कडेने मागे चालत जावे. शंभर मीटरांवर सुटा दिवा, पन्नास मीटरांवर त्रिकोण, अशी मांडणी सपाट रस्त्यावर पुरते, कारण दिवा तेथे पोहोचण्यापूर्वीच दुरून दिसतो. वळण किंवा चढ असेल तर दिवा त्याच्या अलीकडे, म्हणजे येणाऱ्याला आधी दिसेल अशा जागी न्यावा, मग अंतर किती का होईना. गाडीचे मागचे दिवे गवताने वा ताडपत्रीने झाकलेले असतील, तर ही चाल अधिकच निकडीची होते. आश्विन-कार्तिकात गवताने चहूबाजूंनी फुगलेले ट्रक या भागात धावतात आणि त्यांचे मागचे दिवे पेंढ्यांत बुडालेले असतात.

पाड्यांच्या वाटेवर याच दिव्याचा उपयोग निराळा होतो. तेथे मागून ट्रेलर येत नाही. येते ती दिव्याविना मोटारसायकल, बैलगाडी किंवा बाजाराहून परतणारी पायी माणसे, आणि त्यांना दिपवून टाकणारा प्रखर दिवा त्यांच्या पायाखालची वाटच हिरावून घेतो. तेव्हा दिव्याला मंद करण्याची सोय असावी आणि तो जमिनीलगत, वाटेच्या कडेला ठेवावा. त्याहून मोठा उपयोग मदत बोलावताना होतो. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा चालू आहे, आणि कासा किंवा डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत रुग्ण पोहोचवताना पुष्कळ वेळ जातो तो पाड्याचा फाटा शोधण्यात. एका पाड्यापासून दुसऱ्याकडे जाणाऱ्या वाटा रात्री सारख्याच दिसतात आणि फाट्यावर पाटी असतेच असे नाही. ज्याच्याजवळ जीप आहे त्याने अशा वेळी आपली जीप व सुटा दिवा पक्क्या रस्त्याच्या फाट्यावर नेऊन उभा करावा आणि फोनवर ‘फाट्यावर नारिंगी दिवा लुकलुकतो आहे’ एवढेच सांगावे. जखमीला स्वतःच हलवणे भाग पडले तरी मदत करणाऱ्याने पोलिसी ससेमिऱ्याच्या भीतीने मागे राहू नये. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात घातलेले १३४ अ हे कलम सद्भावनेने साहाय्य करणाऱ्यास संरक्षण देते.

समुद्रकिनाऱ्याविषयी दोन शब्द. डहाणूपासून बोर्डीपर्यंतचा किनारा सपाट आहे, ओहोटीला पाणी फार दूर जाते, आणि घट्ट दिसणाऱ्या ओल्या वाळूचा मोह चालकांना होतो. पण वाळूच्या वरच्या कवचाखाली चिखल असतो, आणि रुतलेल्या गाडीभोवती भरतीचे पाणी माणसाच्या चालीने नव्हे तर त्याहून वेगाने चढते. किनाऱ्यावर वाहन नेण्यास मनाई आहे ती याही कारणाने पाळण्याजोगी आहे. तरीही रात्री तेथे कोणाचे वाहन अडकलेले दिसले, तर आपला नारिंगी दिवा समुद्राकडे तोंड करून लावू नये. होड्यांवरून पाहणाऱ्यांना किनाऱ्यावरचा अनोळखी लुकलुकता दिवा गोंधळात टाकू शकतो. तो गाडीच्या आडोशाला, जमिनीकडे वळवून ठेवावा.

खरेदी झाल्यावर दिवा तसाच खोक्यात ठेवून देऊ नये. संध्याकाळी, पुरता अंधार पडण्यापूर्वी, तो अंगणाबाहेर ठेवून दीडशे पावले दूर जावे आणि पाहावे. मग भर दुपारी पाहावे, आणि पहिला पाऊस पडेल तेव्हा गाडीच्या भिजलेल्या काचेतून पुन्हा पाहावे. घरातल्या वयस्कर माणसाला सोबत घ्यावे, कारण वाढत्या वयाबरोबर डोळ्यातील भिंग गढुळते आणि तरुणाला सुखाचा वाटणारा दिवा त्यांना बोचतो. तिन्ही वेळी जो नीट दिसला आणि कोणाच्याही डोळ्यांना बोचला नाही, तो दिवा त्रिकोणासह चालकाच्या बैठकीमागे ठेवावा. मागच्या डिकीत नव्हे, कारण मागून धडक बसली तर पहिल्यांदा अडते ते डिकीचेच झाकण.